पालम ते पहिला डोस

१९७७. पालम विमानतळावर मालाची विमानं लागतात, तिथे तुम्ही उभे आहात. समोर जाळीच्या खोक्यांत उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं, अमेरिकेतल्या प्रयोगशाळांकडे निघालेली. नीट पाहून घ्या. १ एप्रिल १९७८ पासून मोरारजी देसाईंचं सरकार ही निर्यात बंद करणार आहे, आणि योग्यच करणार आहे.

तिकडे यांची पिल्लावळ वाढते. कागदोपत्री ती ‘भारतीय वंशाची’च राहते. आफ्रिकेतली काही माकडं एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा भाऊबंद, अंगात वागवत सहसा ठणठणीत जगतात. या भारतीय माकडांना मात्र त्यातून एड्ससारखा आजार होतो. म्हणून तर यांना मागणी.

तीसेक वर्षं पुढे या आणि विषाणूएवढे व्हा. प्रयोगशाळेतल्या अशाच एका मादीच्या योनीतलं अस्तर. तुमच्यासोबतचे बहुतेक विषाणू चिकट स्रावातच अडकून संपतात. काही तासांत मोजकेच आत उतरतात, त्यांना थोड्या सीडी४ पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी, सापडतात. पुढचे काही दिवस सगळा कारभार गर्भाशयमुखाजवळच्या लहानशा जागेत चालतो. रक्त तपासलं तर काहीच दिसणार नाही. विषाणू सर्वांत दुबळा असतो तो इथे.

मग शरीरच त्याला रसद पुरवतं. धोका ओळखलेल्या पेशी कुमक मागवतात, आणि त्या कुमकेत सीडी४ पेशी असतात, म्हणजे विषाणूचं खाद्यच! मिनेसोटातल्या अ‍ॅश्ली हासे यांच्या गटाने २००९ मध्ये हे दाखवलं. साधारण आठवड्याभरात विषाणू लसीकाग्रंथी गाठून रक्तात पसरतो. दोन-तीन आठवड्यांत आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो.

औषधाची वेळही माकडांनीच शिकवली. १९९८ च्या प्रयोगात, लांब शेपटीच्या जातीत, विषाणू टोचल्यापासून २४ तासांच्या आत टेनोफोव्हिर हे औषध सुरू करून २८ दिवस दिलं तेव्हा सगळी वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलं तेव्हा सगळी नाही. २०१४ मध्ये तर तिसऱ्या दिवशी, रक्तात विषाणू दिसण्याआधी उपचार सुरू केले, तरी काही महिन्यांनी ते थांबवल्यावर विषाणू परतला.

आता आजची रात्र, दिल्लीतलं एक सरकारी रुग्णालय. नांदेडहून आलेल्या निवासी डॉक्टरच्या डोळ्यात रक्ताचा शिंतोडा उडालाय. तिने डोळा भरपूर पाण्याने धुतला.

“मॅडम, पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट सकाळी येईल. औषध सुरू करायला बहात्तर तास आहेत ना?”

“बहात्तर ही शेवटची हद्द. पहिली गोळी दोन तासांच्या आत घ्यायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करू.”

पाकिटावर पहिलंच नाव टेनोफोव्हिर.