झेंडे, शोभराज आणि एक जुनी फाईल

या वीकेंडला रेडीला होतो. सकाळी यशवंतगडावर एक चक्कर, आणि मग दिवसभर पडवीत बसून पोलिसी तपासाची एक जाडजूड कादंबरी. वाचता वाचता प्रश्न पडला, या कादंबऱ्यांत नक्की मजा कशाची येते? बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कसा, थेट संकटात उडी घेतो. इथे मात्र सगळी कंटाळवाणी कामं : पाळत, जबाब, नोंदी, पुन्हा पाळत...

उत्तर तेरेखोल नदीच्या पलीकडेच सापडलं.

१६ मार्च १९८६ ला चार्ल्स शोभराज तिहारमधून पळाला. पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई खिलवून! ६ एप्रिलला पर्वरीच्या 'ओ कोकेरो' रेस्टॉरंटात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला धरलं. चेहरा त्यांच्या ओळखीचा होता, कारण १९७१ साली मुंबईत त्यांनीच त्याला एकदा अटक केली होती.

कादंबरी असती तर इथेच संपली असती. पण खरी गोष्ट पुढेच आहे. थायलंडमध्ये शोभराजवर खुनाचे आरोप होते आणि तिथे फाशीची शक्यता होती. पळून जाऊन पकडला गेल्यामुळे त्याचा इथला तुरुंगवास वाढला. १९९७ मध्ये तो सुटला, तोवर थायलंडच्या वॉरंटची मुदत उलटून गेली होती. म्हणजे अटक त्याच्या पथ्यावरच पडली म्हणायची! त्यानं मुद्दामच तसं केलं, असंही म्हणतात.

मग त्याला अडकवलं कशानं? कागदांनी. हर्मन निपेनबर्ग हा बँकॉकमधला एक तरुण डच अधिकारी. १९७६ मध्ये दोन बेपत्ता डच पर्यटकांचा माग काढताना त्यानं शोभराजविरुद्ध पुरावे गोळा केले आणि ते कागद वर्षानुवर्षं जपून ठेवले. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत दिसला, तेव्हा ते कागद नेपाळ पोलिसांच्या कामी आले. १९७५ च्या एका खुनासाठी २००४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वयामुळे सुटका होईपर्यंत तो तिथे आतच होता.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग लिहायला कंटाळतो. पण वर्षांनंतर बग सापडतो तो त्या लॉगमध्येच ना? पोलिसी कादंबरीचं समाधान मला तरी हेच वाटतं : नीट लिहून ठेवलेली एखादी क्षुल्लक नोंदसुद्धा वाया जात नाही. प्रत्यक्षात तसं क्वचितच घडतं. म्हणून तर कादंबरी लागते.

असो. उद्या सोमवार!