भीमा-नीरेमधील मुलूख आणि १६३६ चा तह

नीरा-नरसिंहपुरापाशीं नीरा भीमेला मिळते. संगमाच्या वरच्या अंगास, दोन नद्यांच्या बेचक्यांत, इंदापूर व बारामती वसलीं आहेत. इ. स. १६३६ मध्यें या टापूचें भवितव्य ठरलें. ठरविणारे मात्र येथले नव्हते.

निजामशाही मोडत आली होती. मूर्तिजा नांवाचें बालक पेमगिरीस गादीवर बसवून शहाजीराजे ती सांवरूं पाहत होते. इतक्यांत शहाजहान दौलताबादेस येऊन ठाकला व त्याच्या फौजा विजापुरावर सुटल्या. महंमद आदिलशहानें शहापूरच्या तलावाचें पाणी सोडून राजधानीचा परिसर जलमय केला. बादशहास शहर घेतां येईना, आदिलशहास मुलूख वांचवितां येईना. अखेर मे महिन्यांत तह झाला. विजापूरकरानें बादशहाचें वर्चस्व मानावें, वीस लाख रुपये द्यावे आणि निजामशाहीचा कांहीं भाग घ्यावा, असें ठरलें. त्या भागांतच पुणें, चाकण व भीमा-नीरेमधील हा प्रदेश आला. मार खातां खातां मुलूख पदरांत पडला, ही गोष्ट चमत्कारिकच!

राहिले शहाजीराजे. मोंगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान, दोघेहि आतां त्यांच्या पाठीस लागले. माहुलीस वेढा पडला; बालराजा मोंगलांच्या स्वाधीन करावा लागला. पुढें पाठलाग करणाऱ्या त्याच रणदुल्लाखानाबरोबर राजे आदिलशाही सरदार म्हणून कर्नाटकांत गेले! मालोजीराजे जेथें पडले तें इंदापूर, तसेंच पुणें व सुपें, जहागीर म्हणून त्यांच्याकडेच राहिलें. तिचा कारभार दादोजी कोंडदेव पाहूं लागले.