धूम्रपानाचा डोळ्याच्या बाहुलीवर परिणाम होतो का? बाहुली लहान-मोठी दिसल्यास काय करावे?

"डॉक्टर, यांची एक बाहुली मोठी दिसते. सिगारेट फार ओढतात, त्यामुळे असेल का?" असा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून येतो. थोडक्यात उत्तर असे: सिगारेट किंवा बिडीमुळे बाहुलीत होणारा बदल इतका किरकोळ असतो, की तो आरशात सहसा कळत नाही. जो बदल घरच्यांना सहज दिसतो, त्याचे कारण बहुधा वेगळे असते. काही वेळा ते तातडीचेही असते.

बाहुली प्रकाशाला कसा प्रतिसाद देते?

बुबुळाच्या मधोमध दिसणारे काळे वर्तुळ म्हणजे बाहुली. ते खरे तर एक छिद्र आहे. उजेडात ते साधारण २ ते ४ मिलिमीटर, तर अंधारात ४ ते ८ मिलिमीटर असते. डोळ्यात प्रकाश पडला की दृष्टीच्या नसेतून मेंदूला संदेश जातो आणि दुसऱ्या नसेतून बाहुली आकसण्याचा हुकूम परत येतो. प्रकाश एकाच डोळ्यात टाकला तरी दोन्ही बाहुल्या लहान होतात. म्हणूनच डॉक्टर टॉर्चने डोळे तपासतात. त्या एका तपासणीतून डोळा, नस आणि मेंदू या तिन्हींची माहिती मिळते.

निकोटिन काय करते?

झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. बाहुली लहान करणाऱ्या आणि मोठी करणाऱ्या, अशा दोन्ही मज्जातंतूंच्या यंत्रणांना ते चेतवते. दोन्हीकडून ओढ लागल्यामुळे एकूण फरक थोडा आणि तात्पुरता असतो. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिसरी यांतूनही निकोटिनच शरीरात जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. निकोटिन रक्तातून दोन्ही डोळ्यांना सारखेच पोहोचते. त्यामुळे एकाच डोळ्याची बाहुली बदलली असेल, तर तंबाखूला दोष देऊन थांबू नका.

धूम्रपान करणाऱ्यांनी कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे?

• एक बाहुली मोठी, त्याच डोळ्याची पापणी खाली आलेली, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा अचानक असह्य डोकेदुखी: मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा नसेवर दाब देत असू शकतो. धूम्रपानामुळे असा फुगा होण्याचा आणि फुटण्याचा धोका वाढतो. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

• एक बाहुली लहान, पापणी किंचित झुकलेली, त्याच बाजूचा खांदा किंवा हात दुखणे: फुफ्फुसाच्या वरच्या टोकाच्या कर्करोगात असे होऊ शकते. अशी खांदेदुखी अनेकदा मालिश करून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. छातीची तपासणी लवकर करून घ्या.

• दोन्ही डोळ्यांनी हळूहळू समोरचे अंधुक दिसणे, लाल रंग फिका वाटणे: तंबाखू, दारू आणि अपुरा आहार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे दृष्टीची नस दुबळी होऊ शकते. यात बाहुल्यांचा प्रतिसादही मंदावतो. वेळीच व्यसन सोडून उपचार घेतल्यास नजर सुधारू शकते.

प्रत्येक फरक धोक्याचा असतो का?

नाही. सुमारे पाचांपैकी एका निरोगी व्यक्तीच्या दोन बाहुल्यांत थोडा, साधारण १ मिलिमीटरपर्यंत, फरक असतो. घरातले जुने फोटो काढून पाहा. फरक तेव्हाही दिसत असेल आणि दुसरा काही त्रास नसेल, तर घाबरू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

दम्यासाठी किंवा धूम्रपानामुळे होणाऱ्या श्वसनविकारासाठी नेब्युलायझर घेताना इप्राट्रोपियम हे औषध सैल मास्कमधून डोळ्यात गेले, तरी त्या डोळ्याची बाहुली काही काळ मोठी राहते. धोतऱ्याचा चीक डोळ्याला लागल्यासही असेच होते. मात्र कारण हेच आहे, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

डॉक्टरांना काय सांगावे?

फरक कधीपासून आहे, कोणते डोळ्यांचे थेंब, पंप किंवा नेब्युलायझर चालू आहे, मधुमेह आहे का, डोळ्याला मार लागला होता का किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, हे सांगा. दिवसाला किती बिड्या-सिगारेटी ओढता तेही खरे सांगा. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल, तर एकट्याने बोलण्याची वेळ मागा.

तातडीने कधी जावे?

बाहुलीतील बदल अचानक झाला असेल, किंवा त्याबरोबर डोकेदुखी, उलटी, गुंगी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायाची शक्ती जाणे किंवा डोक्याला मार यांपैकी काही असेल, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

बाहुलीवरचा निकोटिनचा परिणाम काही तासांत ओसरतो. मोतीबिंदू, दृष्टिपटलाची झीज, पक्षाघात आणि कर्करोग यांचा वाढलेला धोका मात्र तसा ओसरत नाही. तो कमी करायचा तर तंबाखू सोडावी लागते. त्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते. एकट्याने जमले नसेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोला. अनेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो, त्यात कमीपणा नाही.