तिसऱ्या रात्रीची शांतता

मागच्या भागांत आपण तोफा, तह आणि वेढे यांवर बोललो. आजचा विषय आहे तान्हं मूल कुणी न जोजवता, आपल्या आपण पलंगात कसं झोपू लागतं, याचा इतिहास. विषय ऐकून पत्नी म्हणाली, "अहो, ज्यांनी एक पोर कधी झोपवलं नाही, ते आता त्यावर बोलणार?" मुद्दा रास्त आहे. त्याचा हिशेब शेवटी देतो.

साल १९९०. मी सीमेवरून साठ दिवसांच्या रजेवर अंबाला छावणीत आलो तेव्हा आमची मुलगी आठ महिन्यांची होती. आमच्या गावच्या घरात आढ्याला झोळी टांगलेली असायची. पोर रडलं की आजी, काकू, आत्या, ज्याचा हात मोकळा तो दोरी ओढायचा. छावणीच्या क्वार्टरमध्ये माझी पत्नी एकटी होती आणि रात्रीतून चार-पाच वेळा उठत होती. मी दोन रात्री पाहिलं आणि ठरवलं की इथे शिस्त हवी.

वाचनालयातून डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आणलं. १९४६ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक तसं मवाळ म्हणून प्रसिद्ध. आईबापांनी स्वतःवर भरवसा ठेवावा, मुलाला जवळ घ्यावं, असा त्याचा सूर. पण झोपायला नाकारणाऱ्या मुलाबाबत हेच डॉक्टर एकदम हवालदार होतात. पलंगात ठेवा, प्रेमाने निरोप घ्या, बाहेर पडा, परत जाऊ नका. पहिल्या रात्री वीस-तीस मिनिटं रडेल, दुसऱ्या रात्री दहा, तिसऱ्या रात्री बहुधा नाहीच. मला हे लगेच पटलं. सुताराकडून कठड्याचा छोटा पलंग करून घेतला आणि पत्नीला सांगितलं, आत जायचं नाही.

पहिल्या रात्री मी घड्याळ हातात धरून व्हरांड्यात बसलो. अठ्ठावीस मिनिटं. दुसऱ्या रात्री बारा. तिसऱ्या रात्री मी दिवसभराच्या धावपळीने लवकर झोपलो, आणि सकाळी कळलं की पोर रडलंच नाही. पुढे कितीतरी वर्षं मेसमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला.

निवृत्तीनंतर कुतूहल वाटलं, ही कल्पना आली कुठून? स्पॉकच्या मागे गेलो तर न्यूयॉर्कचे ल्यूथर एमेट होल्ट भेटले. १८९४ साली त्यांनी माता आणि दायांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढलं. त्यात जोजवणं ही निरुपयोगी सवय ठरवली आहे, आणि हट्टाने रडणाऱ्या मुलाला रडू द्यावं, त्याला तासभर लागेल, क्वचित दोन-तीन तासही, असं सांगितलं आहे. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली ट्रुबी किंग यांच्या पुढाकाराने प्लंकेट सोसायटी सुरू झाली. त्यांचा नियम असा की दूध दर चार तासांनी, रात्री नाही. वाचताना पलटणीचे स्थायी आदेश वाचतोय असं वाटतं. १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन तर म्हणाले की मुलांना मिठी मारू नका, सकाळी हस्तांदोलन करा. पुढे त्यांना स्वतःलाच या पुस्तकाचा पश्चात्ताप झाला.

ही मंडळी निर्दय होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या काळात मूल गप्प करायचा दुसरा उपाय काय होता, तेही पाहा. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' घरोघर होतं, त्यात मॉर्फीन असायचं. इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल', म्हणजे अफूचं पेय. आणि आपल्या मुंबईत? गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन जात. १९२०च्या दशकातल्या पाहण्यांत याच्या नोंदी आहेत. भोंगा झाला की आईला जावंच लागायचं, खोलीत मूल सांभाळायला कुणी नाही, आणि गोळी स्वस्त. त्या बाईला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

म्हणून मला वाटतं, बाळाने एकट्याने झोपावं ही गरज मुळात बाळाची नव्हती. ती उद्या सकाळी उठून कामावर जाणाऱ्याची होती. एकत्र कुटुंबात हा प्रश्नच पडला नाही, कारण दोरी ओढायला हात होते.

यात खरा उलगडा केला तो बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी, १९८५ साली. बाळ रात्रीतून अनेकदा अर्धवट जागं होतं, तुम्ही-आम्हीही होतो. ज्या परिस्थितीत झोप लागली तीच दिसली तर ते पुन्हा झोपतं. कडेवर झोप लागली आणि जाग पलंगात आली, तर ते घाबरतं. समजा तुम्ही रेल्वेच्या बर्थवर झोपलात आणि डोळे उघडले तेव्हा फलाटावर होतात. ओरडाल की नाही? म्हणून डोळे जड झाले असले तरी पूर्ण मिटायच्या आधी बाळाला खाली ठेवायचं, रडलं तर ठरावीक वेळ थांबून जायचं, धीर द्यायचा, बाहेर यायचं, आणि हा वेळ हळूहळू वाढवायचा. हे सगळं पहिल्या काही महिन्यांत नाही. तेव्हा त्याला रात्री भूक लागतेच.

एक गोष्ट मात्र माझ्या छातीत अजून कळ आणते. स्पॉक यांच्याच पुस्तकाने अनेक वर्षं बाळाला पालथं झोपवायला सांगितलं, आणि मीही तसंच करायला लावलं. १९९२ साली अमेरिकन बालरोग अकादमीने बाळाला पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४पासून मोहीम चालली, आणि पाळण्यातले अचानक मृत्यू तिथे निम्म्याच्या आसपास आले. पाठीवर, सपाट कडक गादीवर, उशी नाही, गोधडी नाही, मऊ खेळणी नाहीत. पलंग मात्र आईबापांच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने. आपल्या पाळण्यात आपण किती दुपटी कोंबतो ते आठवा.

आता हिशेब. गेल्या वर्षी हैदराबादला मुलीकडे गेलो होतो, नातू सात महिन्यांचा. मी पुन्हा तिसऱ्या रात्रीची गोष्ट सुरू केली. पत्नीने हातातली भाजी खाली ठेवली. "त्या रात्री तुम्ही घोरत होतात. मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते, कठड्यातून तिचं बोट धरून. त्या रात्री आणि पुढच्या पंधरा रात्री. रोज थोडी लांब सरकत गेले."

चौतीस वर्षं तिने हे सांगितलं नव्हतं.

मुलगी हसली. तिने वाचलं होतं की ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये झोपेचा त्रास असलेल्या ३२६ बाळांचा अभ्यास झाला. त्यात आईबापांना दोन पर्याय दिले होते. थांबून-थांबून धीर देणं किंवा शेजारी बसून रोज थोडं दूर सरकणं. २०१२ साली निष्कर्ष आले. सहा वर्षांच्या वयात या मुलांना काही इजा झालेली नव्हती, आणि कायमचा फायदाही झालेला नव्हता. फायदा होता तो सुरुवातीच्या काळापुरता. माझ्या पत्नीने अंबाल्यात यातलाच दुसरा पर्याय वापरला होता, पुस्तक न वाचता, माझ्या आदेशाविरुद्ध.

आमची मुलगी आता खुर्ची वापरते. सोमवारी ती पलंगाला लागून होती, बुधवारी खोलीच्या मधोमध. परवा मी तिथे होतो तेव्हा ती उंबरठ्याजवळ पोचली होती, आणि बसायची पाळी माझी होती. घड्याळ पत्नीने आधीच काढून घेतलं होतं.