अतींद्रिय संवेदन : प्रयोगांची साक्ष

अतींद्रिय संवेदन म्हणजे ज्ञात ज्ञानेंद्रियांच्या मदतीवाचून माहिती मिळणे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे (परचित्तज्ञान), दूरची किंवा दडलेली वस्तू जाणणे (अतींद्रिय दृष्टी) आणि पुढे घडणारे आधीच उमगणे (पूर्वज्ञान) हे त्याचे मुख्य प्रकार मानतात. त्यांचा प्रायोगिक अभ्यास करणाऱ्या शाखेला परामानसशास्त्र म्हणतात. प्रयोगांनी असे संवेदन सिद्ध झाले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण प्रयोग झालेच नाहीत, म्हणून हे उत्तर द्यावे लागत नाही. प्रयोग भरपूर झाले आणि त्यांचा बंदोबस्त जसजसा कडक होत गेला तसतसा परिणाम विरत गेला, म्हणून ते द्यावे लागते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जोसेफ बँक्स ऱ्हाइन यांनी या अभ्यासाला आकडेवारीची शिस्त लावली. वर्तुळ, अधिकचे चिन्ह, लाटा, चौकोन आणि चांदणी अशी पाच चिन्हे असलेले 25 पत्ते ते वापरत. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच पत्ते बरोबर यावेत, पण ऱ्हाइन यांचे काही प्रयुक्त (ज्यांच्यावर प्रयोग केला ते लोक) सातत्याने त्याहून अधिक ओळखत. 1934 साली त्यांचे पुस्तक आले आणि विषयाचा बोलबाला झाला. पुढे लक्षात आले की छापील पत्त्यांपैकी काहींवरची चिन्हे मागच्या बाजूनेही ताडता येत. लंडनचे गणितज्ञ सॅम्युएल सोल यांनी 1941 ते 1943 मध्ये बेझिल शॅकल्टन यांच्यावर केलेले प्रयोग तर अनेक वर्षे या क्षेत्राचा भक्कम आधार समजले जात. 1978 साली बेटी मार्कविक यांनी संगणकाच्या साहाय्याने त्यांतील, काय ओळखायचे ते ठरवणाऱ्या अंकांच्या रांगा तपासल्या. मूळ क्रमात मधूनच जादा अंक घुसवलेले आढळले आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच बरोबर उत्तरांशी जुळत होते. ते वगळताच सारे यश योगायोगाच्या पातळीवर आले. मार्कविक स्वतः या संशोधनाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या होत्या, हे मुद्दाम नोंदवायला हवे. लबाडी उघड करण्याचे काम विरोधकांनीच केले, असे मुळीच नाही.

एका माणसाच्या लबाडीवरून सगळ्या क्षेत्राला दोषी धरणे मात्र अन्यायाचे होईल. म्हणून सर्वांत काळजीपूर्वक झालेल्या प्रयोगांकडे वळावे लागते. गान्झफेल्ड पद्धतीत प्रयुक्ताच्या डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूचे अर्धे तुकडे बसवतात, समोर तांबडा प्रकाश ठेवतात आणि कानांत एकसुरी सळसळ सोडतात. दुसऱ्या खोलीतील व्यक्ती एखादे चित्र पाहत असते. शेवटी प्रयुक्त चार चित्रांतून एक निवडतो, त्यामुळे योगायोगाने 25 टक्के उत्तरे बरोबर येतात. असे प्रयोग करणारे चार्ल्स होनॉर्टन आणि त्यांचे टीकाकार रे हायमन यांनी 1986 साली एकत्र निवेदन काढून पुढील प्रयोगांचे कठोर नियम ठरवले. मतभेद मिटले नसतानाही दोघांनी हे केले, आणि माझ्या मते या इतिहासातले ते सर्वांत उमदे पान आहे. होनॉर्टन यांच्या स्वयंचलित प्रयोगांत यश सुमारे 32 टक्के आले. डॅरिल बेम यांच्यासह लिहिलेला तो अहवाल 1994 साली प्रसिद्ध झाला. पण 1999 साली ज्युली मिल्टन आणि रिचर्ड वाइझमन यांनी नंतरचे 30 प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा लक्षणीय परिणाम दिसला नाही.

यावर समर्थकांचे उत्तर असे, की नंतरच्या काही एकत्रित विश्लेषणांत परिणाम पुन्हा दिसतो. ते खरे आहे. पण एकत्रित विश्लेषण त्यात घातलेल्या प्रयोगांइतकेच विश्वसनीय असते. कोणता प्रयोग मोजायचा, कुठे थांबायचे, कोणता निष्कर्ष मुख्य मानायचा, हे आकडे पाहिल्यावर ठरवले, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनही नसलेला परिणाम उभा राहतो. 2011 साली बेम यांनी पूर्वज्ञानावरच्या नऊ प्रयोगांचा निबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापला, तेव्हा हे लख्ख दिसले. त्यांतल्या एका प्रयोगात संगणकावर दिसणाऱ्या दोन पडद्यांपैकी कोणत्या पडद्यामागे चित्र असेल ते सांगायचे होते, आणि संगणक ती जागा प्रयुक्ताच्या उत्तरानंतर ठरवत असे. कामुक चित्रांच्या बाबतीत 53.1 टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी मानसशास्त्रात रूढ असलेल्या मोकळिकी वापरून दाखवले, की बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने विद्यार्थ्यांचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते! मोजण्याच्या रीतीतच केवढी फट होती, हे त्यांना दाखवायचे होते. प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवण्याची प्रथा जोर धरू लागली, त्याला या साऱ्या वादाचाही हातभार लागला.

मग बेम यांचा तोच प्रयोग झोल्टान केकेश यांच्या गटाने समर्थक आणि टीकाकार अशा दोघांशी सल्लामसलत करून पुन्हा केला. आराखडा आधी नोंदवलेला होता आणि आकडे बदलायला वाव राहू नये अशी सोय होती. 2023 साली आलेल्या निष्कर्षानुसार 37,836 प्रयत्नांत बरोबर उत्तरे 49.89 टक्के निघाली. नाणे उडवूनही एवढीच आली असती.

‘यंत्रणा माहीत नाही म्हणून विज्ञान हे नाकारते,’ हा आक्षेप टिकत नाही. अॅस्पिरिन कशामुळे गुण देते ते जॉन व्हेन यांनी 1971 साली उलगडले, तोवर ते अनेक दशके बिनदिक्कत दिले जात होते, कारण गुण येतो हे दिसत होते. इथे अडते ते यंत्रणेपाशी नाही, परिणाम पुन्हा दाखवता येण्यापाशी. अविश्वास बाळगणाऱ्या माणसाच्या सान्निध्यात ही शक्ती दबते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तोही तपासला गेला. कोणी रोखून पाहत असल्याचे शरीराला नकळत जाणवते का, याचा प्रयोग संशयवादी वाइझमन आणि समर्थक मेरिलिन श्लिट्झ यांनी एकाच ठिकाणी, त्याच उपकरणांवर केला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात श्लिट्झ यांना परिणाम दिसला, वाइझमन यांना नाही. दुसऱ्यांदाही तसेच घडले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अभ्यासात मात्र दोघांपैकी कोणालाच परिणाम दिसला नाही.