भेगा बुजवायचे दिवस

दिवाळी सरली की आमच्या काळ्या रानाला भेगा पडायला लागतात. आधी केसाएवढ्या, मग बोट जाईल एवढ्या, आणि कोळपं फिरलं नाही तर मार्गशीर्षात कोपरापर्यंत हात आत जाईल एवढ्या. वरचं पाणी तोवर बंद झालेलं असतं. हस्त गेला, चित्रा गेली, स्वाती बरसली तर बरसली. तिथून पुढं काढणीपर्यंत ज्वारी जगते ती जमिनीच्या पोटातल्या ओलीवर, आणि ती ओल उडून जाते या भेगांतून. तामलवाडीत पूर्वी थंडीच्या तोंडाला लोक काय करत, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, भेगा बुजवत. सण, स्वयंपाक, पोरांची शाळा, सोलापूरच्या फेऱ्या, हे सगळं त्यातून उरलेल्या वेळात.

मी इथली सून. 1974 साली लग्न होऊन आले. माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातलं. माझं लग्न झालं तेव्हा इंग्रज आणि निजाम दोघंही जाऊन जमाना झाला होता, तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला शेवटपर्यंत ‘इंग्रजीतली’ म्हणत. चहात साखर जास्त पडली तरी तेच कारण.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. सोलापूरहून तुळजापूरला निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर आमचं गाव लागतं. आज तिथं चौपदरी रस्ता आणि टोलनाका आहे. आत्याबाईंच्या तरुणपणी ती हद्द दोन राज्यांची होती. आमच्या बाजूला हैदराबाद संस्थान, पलीकडं सोलापूर जिल्हा, इंग्रजांचा. माल हद्दीपलीकडं न्यायचा तर करोडगिरी भरायची, म्हणजे निजामाची जकात. रुपयासुद्धा वेगळा. आमच्याकडं हाली शिक्का, तिकडं कळदार, आणि सहा कळदारांना सात हाली असा हिशेब. तरी सोलापूरवाचून कोणाचंच भागत नसे. तिथली जुनी गिरणी 1877 पासून चालू होती, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि गिरणीतल्या माणसाला भाकरी लागायची, त्याच्या गल्लीतल्या म्हशीला कडबा लागायचा. मामंजी सांगत, कार्तिकात जुनी ज्वारी काढून बैलगाडी रात्रीच जुंपायची. दिवसा बैलाला ऊन नको हे वरचं कारण. आतलं कारण करोडगिरीचा शिपाई. टोलनाका झाला त्या वर्षी गावातले एक म्हातारबाबा काठी टेकत बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, ‘करोडगिरी आली की परत.’

जुनी ज्वारी असायची पेवात. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद अशी धान्याची विहीर. तळाला आणि कडेला कडब्याचा थर, वर माती. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत वाईट हवा आहे, तोंड उघडं ठेवून वाट पाहायची. दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारनं लेव्ही बसवली, धान्य मोजून न्यायला माणसं यायला लागली, तेव्हा या पेवांना दुसराही उपयोग सापडला. कुणाचं पेव कुठं होतं हे सांगायला आत्याबाई त्यानंतर तीस वर्षांनीही तयार नसत.

1948च्या पावसाळ्यात हद्दीवरची बरीच माणसं रझाकारांच्या भीतीनं सोलापूर भागात पाहुण्यांकडं जाऊन राहिली होती. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय सैन्य आत शिरलं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि तुळजापूर घेतलं. 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. त्या दिवशी नक्षत्र उत्तरा होतं. रब्बीची पेरणी व्हायची हस्तात. म्हणजे आमच्या रानाला त्या वर्षीच्या कुळवाच्या पाळ्या घातल्या निजामाच्या राज्यात, आणि तिफण धरली भारतात. हे मामंजी मोठ्या अभिमानानं सांगत. त्याच वर्षीचं दुसरं काही मात्र ते सांगत नसत, विचारलं तर उठून गोठ्यात जात. सैन्याच्या या ‘पोलिस कारवाई’नंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांत मुसलमान शेजाऱ्यांवर जे गुदरलं, ते पुढं पंडित सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत आमच्या उस्मानाबादचं नाव आहे. गावाचा इतिहास सांगायचा तर हेही सांगायला हवं.

तर कोळपणी. पेरणीपासून तिसऱ्या आठवड्यात पहिली, फटीच्या कोळप्यानं. पाचव्यात दुसरी, पासेच्या कोळप्यानं. आठव्यात तिसरी, दातेरी कोळप्यानं. पहिल्या दोन पाळ्या तणासाठी, तिसरी निव्वळ भेगांसाठी. दाते वरची माती मोकळी करतात, ती भुरभुर भेगेत पडते आणि ओल आत कोंडून राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं इथलं पोरगंही म्हणतं. ज्याची तिसरी पाळी चुकली त्याचं रान संक्रांतीला लांबून ओळखू यायचं. ताटं बुटकी, खालची पानं वाळलेली. ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करायचा, दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. वारंगुळा मोडल्यानं झालेली भांडणं भावकीच्या भांडणापेक्षा जास्त टिकत.

सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. ना. वि. कानिटकरांनी त्या कामावर 1944 साली पुस्तकही लिहिलं. बांध घाला, ओळीतलं अंतर वाढवा, बी कमी टाका, कोळपण्या चुकवू नका, असं ते शास्त्र होतं. मामंजींना त्यात नवल वाटत नसे, ‘हे तर आमचा आजा करत होता.’ कोळपणीपुरतं ते खरंच. पण आजा दाट पेरायचा, आणि रानातलं पाणी अडवायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या उताराच्या तुकड्याला पहिला धड बांध पडला तो 1972च्या दुष्काळात, सरकारी कामावर, आणि त्या बांधावर माती टाकणाऱ्यांत मामंजी स्वतः रोजानं होते. घरचं रान, सरकारची मजुरी, खायला सुकडी आणि मिलो. शास्त्र आमच्या दारात असं पोचलं.

बियाण्याचं मात्र श्रेय मी माहेरला देते, आणि देताना लाजत नाही. मालदांडी 35-1 हा ज्वारीचा वाण 1930च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढला. पुढं हायब्रीड आली, खरिपात गाजली, तिच्या भाकरीला लोकांनी नावं ठेवली. रब्बीत मात्र मालदांडीनं जागा सोडली नाही. आत्याबाईंना ते मान्य होतं. तरी हुरड्यासाठी त्या गुळभेंडीच्या चार ओळी वेगळ्या टाकायला लावत.

थंडीतली सकाळ बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी. पुरुष औत घेऊन जायचे. आम्ही दव असतानाच हरभऱ्यात शिरायचो. कोवळे शेंडे खुडायचे. त्याची भाजी होते आणि झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे खाल्लेलं वाया जात नाही. करडईची विरळणी करून आलेली कोवळी रोपं, तीही भाजीच. वांगं मात्र चंपाषष्ठीपर्यंत घरात यायचं नाही. रान वांग्यांनी लगडलेलं असलं तरी आत्याबाई ऐकायच्या नाहीत.

हरभऱ्याची आंब मी इथंच आल्यावर पाहिली. जुनं धोतर स्वच्छ धुऊन संध्याकाळी हरभऱ्यावर पसरायचं. रात्रभर दव पडतं, पानावरची आंबट लव त्यात विरघळते, पहाटे ते धोतर परातीत पिळायचं. निघालेलं पाणी बाटलीत भरून ठेवलं की वर्षभर पोटदुखीला, अजीर्णाला. पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं की त्या आंबटपणात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. पोरांना मी ते सांगितलं, तर एक पोरगं म्हणालं, ‘बाई, म्हणून पाय खाजतात व्हय.’ अनवाणी हरभऱ्यातून गेलेल्यालाच हा प्रश्न पडतो.

शाळेचा विषय निघालाच तर हजेरीचं सांगते. ज्वारी निसवली की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढायच्या. कणसात दूध भरलं की पाखरं येतात आणि मोठ्या माणसांना वेळ नसतो. मग माच बांधायचा, वर पोरगं बसवायचं, हातात गोफण. सूर्य उगवताना आणि मावळताना जोर जास्त, म्हणजे शाळेच्या दोन्ही टोकांना. मुलं राखणीला, मुली घरी धाकट्यांना सांभाळायला. लोक आता गोफणीच्या आठवणी फार गोड करून लिहितात. चौथीत गणित सुटलेली आणि पुन्हा कधी न सापडलेली पोरं मला माहीत आहेत, त्यामुळं मला ते जमत नाही.

तिसरी कोळपणी उरकली की येळवस येते, मार्गशीर्षाची अमावास्या. मला वाटतं ती तिथं बसवली आहे ती विचार करूनच. त्या वेळेपर्यंत माणसाला जे करता येतं ते करून झालेलं असतं, आणि काढणी लांब असते. मग सगळं घर, लेकी, जावई, सालगडी आणि त्याची माणसं, एकदा रानात जाऊन पीक बघून येतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन घरधनी पुढं, मागं आम्ही पाट्या घेऊन. पूजा झाली की आंबील रानात शिंपडायची. संध्याकाळी गोवऱ्यांवर दूध उतू घालायचं, आणि ते ज्या बाजूला उतू जाईल त्यावरून पुढच्या पावसापाण्याचा अंदाज सांगायचा. तो बरोबर आला की नाही, हे पुढच्या वर्षी कुणी तपासत नसे.

भज्जी हा त्या दिवसाचा राजा. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, मेथी, चाकवत, जे रानात हिरवं असेल ते, सगळं डाळीच्या पिठात. सोबत बाजरीचे उंडे, धपाटे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर. ही यादी सगळ्यांना पाठ असते. ती कोण करतं, हे यादीत नसतं. आंबील दोन दिवस आधी ताकात आंबवायला घालायची, दाणे आदल्या दिवशी सोलायचे, आणि चुली रात्री दोनला पेटवायच्या. पुरुष उठायचे तेव्हा पाट्या बांधून तयार. पहिल्या येळवशीला मी खोपीत बसल्या बसल्या झोपले आणि आत्याबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘इंग्रजीतली थकली.’ नंतर हळूच माझ्यावर घोंगडं टाकलं, तेही त्यांनीच.

आता आमच्या बारा एकरांतल्या सात एकरांत द्राक्षं आहेत. इथून सावरगाव, काटीपर्यंत बागाच दिसतात. सोनाका हा वाण पलीकडच्याच नान्नजला नानासाहेब काळ्यांनी काढला, त्याच नान्नजला जिथं माळढोकाचं अभयारण्य आहे. ऑक्टोबरात छाटणी होते, आणि थंडीच्या तोंडाला वेल फुलोऱ्यात येतो. आणि इथं सगळं उलटं झालं. ज्या दवावर ज्वारी पोसते असं मामंजी म्हणायचे, ज्या दवाची आत्याबाई बाटली भरून ठेवायच्या, त्याच दवाला आज माझा मुलगा भितो. पान रात्रभर ओलं राहिलं की केवडा येतो. सकाळी धुकं दिसलं की तो चहाही न घेता ब्लोअर जोडतो. ठिबकचं पाणी आहे, ओल कोंडायची गरज नाही, भेगांकडं बघायला कोणी नाही. पैसा चांगला येतो, हे मी नाकारत नाही. माझ्या नातीची फी त्यातनंच गेली. फक्त मामंजींना अमावास्येला जी स्वस्थता मिळायची, आता मला करण्यासारखं काही उरलं नाही ही, ती माझ्या मुलाला मार्चपर्यंत मिळत नाही.

येळवस चुकत नाही मात्र. गेल्या वर्षी खोपीपुरता कडबा विकत आणावा लागला. बागेच्या कडेला खोप बांधली आणि पुण्याहून आलेल्या मंडळींच्या गाड्या रानात जाईनात म्हणून सगळे शेवटचा फर्लांग चालत आले. सून नोकरी करते. तिनं यंदा आधीच सांगून टाकलंय, आंबील आणि उंडे घरी होतील, भज्जी पुरुषांनी रानात चूल मांडून करायची. मुलगा कबूल झालाय. वाटाणे सोलायला मात्र तो आत्तापासून माणसं शोधतोय.