काशीच्या गंगेतून दुरावलेला हिलसा

हिलसा हा बंगालच्या उपसागरात वाढणारा, परंतु प्रजननासाठी गंगेच्या प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर प्रवास करणारा मासा आहे. पूर्वी तो वाराणसीच्याही पुढे, प्रयागराजपर्यंत पोहोचत असे. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधील फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्याने हा मार्ग खंडित झाला आणि वरच्या पट्ट्यातील मच्छीमारांच्या जाळ्यांतून हिलसा जवळपास नाहीसा झाला.

एक मादी लाखो अंडी घालते. मात्र प्रजननस्थळच गाठता न आल्यास ही क्षमता निष्फळ ठरते. समुद्राकडे निघालेली पिल्ले बारीक जाळ्यांत सापडल्यास पुढील पिढीही घटते. त्यामुळे बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने फराक्क्याच्या वरच्या बाजूस हिलसा सोडून त्याची संख्या वाढविण्याचे प्रयत्न केले आहेत.